जोतीराम आबांची दाढ आणि दोन जामीनदार

माणसाच्या तोंडात बत्तीस दात असतात आणि त्यातल्या प्रत्येक दातामागं निरवांगीत सरासरी साडेतीन सल्लागार असतात. (अर्धा म्हणजे ज्याचं बोलणं दुसऱ्यानं मध्येच तोडलं तो.) दाढेला हे प्रमाण सातावर जातं. एरवी ही मंडळी शेतकरी, दूधवाले, मास्तर, माजी उपसरपंच अशा वेशांत समाजात मिसळून असतात आणि ओळखू येत नाहीत. पण कुणी नुसता गालाला हात लावायचा अवकाश, की जो तो आपल्या मूळ हुद्द्यावर हजर होतो.

इतर गावांतली माणसं अजून डॉक्टरांवर अवलंबून आहेत, हे ऐकलं की वाईट वाटतं. डॉक्टर बिचारा पाच-सहा वर्षं घासतो, परीक्षा देतो, आणि शेवटी त्याला एकाच अवयवाची माहिती होते. निरवांगीत सगळ्या अवयवांची माहिती दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी साडेसहा ते आठ या वेळात मोफत मिळते. केंद्राचं काम शिस्तीचं आहे. किटली उतरवायची, नमुना द्यायचा, फॅट बघायचं, कमी लागलं म्हणून मशीनला नावं ठेवायची. याला चार मिनिटं लागतात. उरलेला वेळ जनहितासाठी राखीव असतो.

केंद्राचे सचिव रणजितराव यांनी सहकारात पंचवीस वर्षं काढली आहेत. त्यामुळं त्यांच्यापुढं कुठलाही विषय आला की त्याला आपोआप सूचक आणि अनुमोदक फुटतात. म्हशीला कोणती पेंड घालावी इथपासून कुणाच्या सुनेनं माहेरी किती दिवस राहावं इथपर्यंत सगळं ठरावानं होतं. आजवर एकही ठराव नामंजूर झाल्याची नोंद नाही. (विरोध करणाऱ्याला चहा मिळत नाही.)

अशा या प्रगत व्यवस्थेपुढं गेल्या हिवाळ्यात जोतीराम आबांची दाढ आली. डावीकडची, खालची, मागून दुसरी.

दाढेत तसं विशेष काही नव्हतं. किडली होती, हलत होती, रात्रंदिवस ठणकत होती. विशेष होतं ते आबांच्या छातीत. सहा वर्षांपूर्वी पुण्याला नेऊन त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. गावानं ही शस्त्रक्रिया लगेच समजून घेतली, कारण विहिरीवरच्या मोटारीला फुटव्हॉल्व कुणी बसवलेला नाही? एकानं तर दवाखान्यात भेटायला येऊन, "आबा, आयएसआयचा शिक्का बघून घेतला न्हवं?" अशी आस्थेनं चौकशी केली होती.

झडपेबरोबर एक गोळी आली. रक्त पातळ ठेवायची. रोज, कायमची. धातूवर रक्ताची गुठळी धरू शकते, ती सुटली तर डोक्यात जाऊन अडकते आणि माणूस एका अंगानं लुळा पडतो किंवा सगळाच जातो, हे पुण्याच्या डॉक्टरांनी चित्र काढून बारा मिनिटं सांगितलं. कुशाबाईंना, म्हणजे आबांच्या मालकिणीला, ते पहिल्या दीड मिनिटात कळलं होतं. बाकीची साडेदहा मिनिटं त्यांनी डॉक्टरांचा मान राखला.

"म्हंजी ठिबकला ॲसिड मारतो तसं," त्या म्हणाल्या. "न्हाय मारलं तर नळ्यांत क्षार धरतोय."

डॉक्टरांनी चित्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आजी, हे मी उद्यापासून सगळ्यांना असंच सांगणार."

तेव्हापासून गोळीचं खातं कुशाबाईंकडं. संध्याकाळी साडेसात, म्हशीची धार झाली की आबांच्या तळहातावर गोळी आणि हातात तांब्या. महिन्यातून एकदा बारामतीला जाऊन रक्त तपासायचं, त्याचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये यावा लागतो. कमी आला तर गुठळीचं भय, जास्त आला तर रक्त थांबणार नाही याचं भय. "फॅटसारखं न्हाय ह्ये," असं कुशाबाईंनी आबांना पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. "लई लागलं म्हणून पेढं वाटायचं न्हाईत."

आणि एक. ती झडप वाजते. टिक, टिक, टिक. शेजारी बसलं तर स्पष्ट ऐकू येते. आबांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडून दोन वर्षं झाली, त्याचा सेल बदलायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. दुपारी आबा ओसरीवर आडवे झाले की कुशाबाई लसूण सोलत त्यांच्या उशाशी बसतात. घरात सोलायला लसूण नसला तरी बसतात.

तर दाढ. अकरा दिवस आबांनी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली. बाराव्या दिवशी सून स्वरूपानं बारामतीच्या दातांच्या डॉक्टरीण डॉ. प्रियदर्शनी यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "येत्या सोमवारी सकाळी आणा, हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि रक्ताचा आकडा घेऊन. आणि गोळी चालू ठेवा, आपल्या मनानं बंद करायची नाही." या सल्ल्याला एकूण एकोणीस सेकंद लागले. एवढ्या गंभीर दुखण्यावर एकोणीस सेकंदांचा सल्ला म्हटल्यावर तो अपुरा आहे, हे गावाच्या लगेच लक्षात आलं.

मंगळवारी सकाळी विषय केंद्रावर चर्चेला आला. उपस्थिती एकोणतीस, सल्ले चौतीस. त्यांची विभागणी अशी: लवंग अकरा, तुरटी सात, हिंग पाच, पेरूचा पाला चार, दाराच्या कडीला दोरा बांधणे तीन, दुर्लक्ष करणे दोन, देशी दारू एक. उरलेला एक सल्ला माजी उपसरपंचांचा होता. तो दाढेबद्दल नसून पाटाच्या पाण्याबद्दल होता, परंतु वय बघून त्याचीही नोंद घेण्यात आली.

खरी चर्चा गोळीवर झाली.

"आबा, रक्त पातळ हाय तुमचं," रणजितराव म्हणाले. "दाढ उपटली तर पाइपलाइन फुटल्यागत व्हईल. थांबायचं कसं मग?"

"ती बाई म्हणली, चालू ठिवा," आबा गाल धरून म्हणाले.

"बाई म्हणंल. रगत तिचं हाय का?" रणजितरावांनी मोबाइल पुढं केला. "ह्ये बगा. ह्याच औषधानं उंदरं मारत्यात. लिवलंय हितं."

(हे खरं आहे. त्या सभेत बोललं गेलेलं हे एकमेव खरं वाक्य होतं आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग नव्हता. उंदराला कुणी झडप बसवत नाही, महिन्याला त्याचा आकडा बघत नाही आणि त्याच्या उशाशी कुणी लसूण सोलत बसत नाही.)

मग ठराव झाला. "रक्त घट्ट झाल्याखेरीज दाढ काढणे धोक्याचे असल्याने श्री. जोतीराम आबा यांनी सदर गोळी सोमवारपर्यंत बंद ठेवावी." सूचक रणजितराव. अनुमोदक माजी उपसरपंच. मंजूर, एकमतानं. आबा निमंत्रित म्हणून हजर होते, त्यांनीही हात वर केला. चाळीस वर्षं सोसायटीचे सभासद असलेल्या आबांनी आजवर बहुमताविरुद्ध कधी हात वर केला नव्हता. ते त्यांच्या रक्तातच नव्हतं, पातळ असो की घट्ट.

कुशाबाईंना या सभेची नोटीस गेली नाही. विषय त्यांच्याच नवऱ्याचा असल्यानं त्या हितसंबंधी ठरत होत्या.

त्या संध्याकाळपासून आबांनी ठरावाची अंमलबजावणी सुरू केली. कुशाबाई गोळी द्यायच्या. आबा ती तोंडात टाकायचे, दुखऱ्या दाढेच्या बाजूला दाबून ठेवायचे, घटाघटा पाणी प्यायचे, "हां," म्हणायचे, आणि कुशाबाईंनी पाठ फिरवली की गोळी बंडीच्या खिशात. शासकीय योजनाही इतक्या काटेकोरपणे कधी राबवल्या गेल्या नसतील.

शुक्रवारी कुशाबाईंनी बंडी धुवायला घेतली. खिसा उलटा केला तर तंबाखूच्या चुऱ्यात तीन गोळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या.

"ह्ये काय हाय?"

"गोळ्या," आबा म्हणाले.

"कुणाच्या?"

"आपल्याच म्हणायच्या."

"आणि खिशाला कधीपासनं झडप बसवली?"

"ठराव झालाय, कुशे. एकमतानं."

कुशाबाई ओरडल्या नाहीत. तसं झालं असतं तर आबांना बरं वाटलं असतं. त्यांनी बंडी पिळली, दोरीवर टाकली, दोन्ही बाह्या सरळ केल्या. मग ओसरीवर येऊन आबांच्या उशाशी बसल्या. लसूण नव्हता. टिक. टिक. टिक. तिसऱ्या आणि चौथ्या ठोक्याच्या मध्ये त्यांना जरा जास्त वेळ गेल्यासारखा वाटला. (असं नुसत्या कानानं कळत नसतं, असं पुढं बारामतीच्या हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टरांनी तो आवाज तीन महिन्यांतून दोन मिनिटं ऐकला होता, कुशाबाईंनी सहा वर्षं.)

"तुमी गेलासा तर," त्या म्हणाल्या, "ठरावाचा कागद घिऊन मी काय करू? उशाखाली ठिवू?"

आबांनी दाढेवर हात दाबला.

स्वरूपानं तेव्हाच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर फोनवरच इतके मोठ्यानं बोलले की आबांनी दाढेवरचा हात काढून कानावर ठेवला. गोळी आज संध्याकाळी नेहमीसारखी द्या, एकदम दोन देऊ नका, आणि उद्या सकाळी तपासायला घेऊन या, असा निरोप मिळाला. गोळी देण्यात आली. या वेळी कुशाबाईंनी तोंड उघडायला लावून, जीभ वर करायला लावून, बॅटरी मारून बघितलं.

सामान्य बाई असती तर तिनं गावाशी भांडण काढलं असतं. पण कुशाबाईंचंही उभं आयुष्य याच तालुक्यात गेलेलं होतं आणि कुठलं कुलूप कुठल्या किल्लीनं निघतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नात संस्कृतीची मागल्या इयत्तेची वही घेतली. मागच्या कोऱ्या पानांवर पट्टीनं रेघा मारून घेतल्या. अनुक्रमांक, सल्लागाराचं नाव, सल्ला, आणि उजवीकडं दोन रुंद रकाने: पहिला जामीनदार, दुसरा जामीनदार.

इथं परगावच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. निरवांगीत 'जामीन' या शब्दाला जो दरारा आहे तो पोलीस, वीज मंडळ आणि उसातला बिबट्या या तिघांना मिळूनही नाही. माणूस शेजाऱ्याला आपली गाडी देईल, बैल देईल, भरल्या ताटावरून उठून स्मशानात खांदा देईल. पण जामिनाच्या कागदावर सही करायची म्हटली की त्याला चष्मा सापडत नाही. सापडला तर नंबर बदललेला निघतो.

शनिवारी सकाळी बारामतीला निघण्याआधी दुधाची किटली घेऊन कुशाबाई स्वतः केंद्रावर गेल्या. दूध घातलं. फॅट कमी लागलं त्याबद्दल मशीनला काहीही बोलल्या नाहीत. इथंच जाणते आपापल्या किटल्या आवरू लागले. मग त्यांनी वही उघडली आणि वर लिहिलेला मजकूर सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

"मी खाली सही करणार लिहून देतो की, जोतीराम आबांनी गोळी बंद करावी असा सल्ला मी राजीखुशीनं दिलेला आहे. त्यामुळं आबांचं काही बरंवाईट झाल्यास त्यांची पुढील कामं मी रोज स्वतः हजर राहून करीन. एक, सकाळ-संध्याकाळ म्हशीची धार काढणे. दोन, ठिबकच्या नळ्या बघणे. तीन, स्वयंपाकात मीठ कमी पडल्याचे सांगणे. चार, कुशाबाईशी भांडणे. माझ्याच्यानं न झाल्यास माझे दोन्ही जामीनदार ही कामं करतील."

केंद्रावर इतकी शांतता पसरली की मशीनमधलं फॅट वर चढताना ऐकू यावं.

"रणजितराव, या. सूचक तुमीच हाय न्हवं?"

"काकी, मी आपला सचिव माणूस," रणजितराव म्हणाले. "सभंत जे हुतं ते लिवून ठिवायचं, एवढंच माझं काम."

"बरं. अनुमोदक कोण हुतं?"

माजी उपसरपंचांना त्याच क्षणी आठवलं की त्यांची म्हैस व्यायली आहे. (म्हैस दोन महिन्यांची गाभण होती. परंतु त्यांचं वय बघून त्याचीही नोंद घेण्यात आली.)

"मी आपलं लवंग म्हणले हुते गं," शेजारच्या शकुबाई मागून म्हणाल्या. "लवंगंला कशाला जामीन?"

"लवंगंला नगं, शकूबाय. लवंग खुशाल दे. गोळीला पायजे."

सहा मिनिटांत उपस्थिती एकोणतीसवरून चारवर आली. त्यात एक मांजर होतं. ठराव रद्द झाला नाही, कारण केंद्राच्या कामकाजात ठराव रद्द करण्याची तरतूद नाही. तो जामीनदारांअभावी तहकूब ठेवण्यात आला.

कुशाबाई किटली उचलून निघाल्या तेव्हा रणजितराव टेबलामागून उठून बाहेर आले. त्यांचा आवाज सभेतला नव्हता.

"काकी, आबाला काय हुनार न्हाय न्हवं?"

"त्येच इचारायला आले हुते मी तुमाला," कुशाबाई म्हणाल्या. "तुमाला ठावं आसंल म्हणून."

बारामतीत आकडा आला एक पूर्णांक सहा. हृदयाच्या डॉक्टरांनी आबांना प्रत्यक्षात फोनपेक्षाही मोठ्यानं समजावून सांगितलं. पोटात इंजेक्शनं सुरू झाली, आकडा जागेवर येईपर्यंत. आणि सोमवारी निघणारी दाढ त्याच्या पुढच्या सोमवारवर गेली. म्हणजे दाढ लवकर निघावी म्हणून केलेल्या ठरावानं दाढेला आठ दिवसांची मुदतवाढ मिळाली. अशी मुदतवाढ मिळालेली तालुक्यातली ती पहिली दाढ असावी. आबांनी आणखी आठ दिवस दुधात भाकरी खाल्ली आणि त्या आठवड्यात केंद्रावर दूध स्वरूपानं घातलं.

दुसऱ्या सोमवारी आकडा दोन पूर्णांक सात. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन, आणि दाढ काढण्याआधी घ्यायच्या म्हणून त्यांनी लिहून दिलेल्या जंतुनाशक गोळ्या पोटात घेऊन, मंडळी सकाळी दहाला डॉ. प्रियदर्शनींच्या दवाखान्यात पोचली. बाहेरच्या बाकावर पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे बसले होते. ते डॉक्टरीणबाईंचे आजोबा, पिंपळीचे नाना. बाजाराला आले की नातीच्या दवाखान्यात टेकायचे. आबांनी सवयीनं त्यांच्यापुढं विषय मांडला.

"रक्त पातळ करायची गोळी चालू हाय आणि दाढ काढायचीय. तुमचं काय मत, नाना?"

"मला काय ठावं?" नाना म्हणाले. "डाक्टर ती हाय."

आबा वाट बघत राहिले. पुढं काही आलं नाही. अडुसष्ट वर्षांत आबांना असा माणूस भेटला नव्हता. त्यांनी नानांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तब्येत चांगली दिसत होती.

"पिंपळीत समदी अशीच हायती व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाय वं. तितं मलाच कोण इचारत न्हाय."

आत डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली, आकडा वाचला, दाढ बघितली. मग कुशाबाईंनी पिशवीतून वही काढली. बाईंनी तीही वाचली, चष्मा वर-खाली करत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हसल्या नाहीत. कुशाबाईंना त्या तिथंच आवडल्या.

"आजी, असं बघा. दाढ काढली की रक्त येणार. जरा जास्त वेळ येईल. पण ते डोळ्यांसमोर आहे. मी टाके घालीन, औषधाचा बोळा दाबून धरीन, ते थांबेल. गोळी बंद करून गुठळी झडपेवर धरली, तर तिथं मला बोट घालता येत नाही."

"नळीला भोक पडलं तर वरनं बोट ठिवता येतंय," कुशाबाई म्हणाल्या. "आतनं चोक झाली तर अख्खी लाइन जाती."

"अगदी."

"मग करा सही."

डॉ. प्रियदर्शनींनी वरच्या मजकुरातला गोळी बंद करण्याचा सल्ला तेवढा खोडला. त्याखाली लिहिलं: गोळी चालू ठेवून, तपासणी करून, दाढ काढायची. पेन रकान्यावर नेऊन त्या थांबल्या. "धार मी काढीन, लहानपणी काढलीय. हे चौथं कलम मात्र जड आहे. भांडणाचं."

"त्येच म्हत्त्वाचं हाय, बाई," कुशाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला. "बाकीची कामं गड्यानं बी हुत्यात."

बाईंनी सही केली. पहिला जामीनदार. दुसऱ्या रकान्यात हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी डिंकानं चिकटवण्यात आली. निरवांगीच्या इतिहासात वैद्यकीय सल्ल्याला दोन जामीनदार मिळाल्याचा हा पहिला प्रसंग.

दाढ सात मिनिटांत निघाली. तीन टाके पडले. रक्त आलं, आणि दाबल्यावर थांबलं. ते पाइपलाइन फुटल्यागत आलं नाही, याबद्दल आबांच्या चेहऱ्यावर किंचित निराशाही दिसली, कारण गावाला सांगायला काहीतरी लागतं. मग त्यांच्या दातांत कापसाचा घट्ट बोळा देऊन सांगण्यात आलं की तासभर तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, थुंकायचं नाही.

सेहेचाळीस वर्षांच्या संसारातला हा पहिलाच असा तास होता. तो वाया घालवण्याइतक्या कुशाबाई उधळ्या नव्हत्या. बाकावर आबांच्या शेजारी बसून त्यांनी सगळे प्रलंबित विषय क्रमानं मार्गी लावले. भावाच्या लग्नात आबा पंगत उठल्यावर पोचले होते, तो विषय. खिल्लारी जोडी न विचारता दिली, तो विषय. दोन वर्षं घड्याळाला सेल नाही, तो विषय (हा त्यांनी काढला आणि स्वतःच मागं घेतला). प्रत्येक विषयावर आबांनी "हं" म्हटलं आणि तो एकमतानं मंजूर झाला. शेवटचा विषय खिशातल्या तीन गोळ्यांचा होता. त्यावर कुशाबाई "परत जर का," एवढंच बोलल्या आणि पुढचं त्यांना सापडेना. आबांनी तोंड मिटलेलंच ठेवून त्यांच्या हातावर हात ठेवला. समोर बसलेल्या नानांनी उगाच छताकडं बघितलं. या प्रसंगावरही त्यांनी आपलं मत दिलं नाही.

घरी आल्यावर दुपारी थुंकीत लाली दिसली. बातमी पसरायला पाच मिनिटं लागली, माणसं जमायला चार. कॉफीची पावडर भरा, हळद भरा, विस्तवाची राख भरा, गरम पाण्यानं खळखळून चूळ भरा. कुशाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कोनाड्यातली वही काढून पाटावर ठेवली. नुसती ठेवली. मंडळींनी चहा घेतला, हवापाण्याबद्दल दोन शब्द बोलली आणि चपला घालून निघाली. मग कुशाबाईंनी बाईंनी दिलेला ओला बोळा जागेवर ठेवला आणि अर्धा तास आबांना तो दाबून धरायला लावला. थांबलं. एकूण रक्त अंदाजे दोन चमचे. एवढं आबा दाढी करताना घालवतात.

संध्याकाळी साडेसातला तळहातावर गोळी. तांब्या. जीभ वर. बॅटरी.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण निरवांगी शिकणारं गाव आहे. आठ दिवसांत आबा कडक भाकरी मोडून खाऊ लागले आणि रणजितरावांनी केंद्रावर नवा ठराव मांडला: दात काढताना रक्ताची गोळी कधीही, कुणीही, कुठल्याही परिस्थितीत बंद करू नये. पुन्हा एकमतानं मंजूर. त्याच संध्याकाळी त्यांनी नरसिंहपूरच्या आपल्या साडूला फोन करून तसं ठणकावून सांगितलं. साडूची गोळी वेगळी होती, दुखणं वेगळं होतं, आणि त्याचे सहा दात काढायचे होते. हे कुशाबाईंच्या कानावर आलं. त्यांनी आबांच्या हाती केंद्रावर वही पाठवून दिली. रणजितरावांना चष्मा सापडला नाही. मग मात्र त्यांनी साडूला पुन्हा फोन केला आणि म्हणाले, "डाक्टरला इचार. माझं नाव कुठं लावू नगंस."

आजअखेर वहीत सल्लागारांची एकशे सतरा नावं आहेत. सह्या दोन.

आता प्रश्न राहिला तुमचा. सुरुवातीला लवंगेचा उल्लेख आला तेव्हा तुम्ही मान हलवलीत, ते आम्ही सोडून देतो. लवंगेला जामीन लागत नाही. पण हे वाचून संपताच तुम्हाला तुमचा एखादा मेहुणा, सासरा, नाही तर कार्यालयातले एक साहेब आठवले आहेत, त्यांनाही रक्ताची गोळी चालू आहे, त्यांचाही दात हलतो आहे, आणि "गोळी बंद करायची नसते, मी वाचलंय," असं त्यांना कधी एकदा सांगतो असं तुम्हाला झालेलं आहे.

सांगा की. एकशे अठरावी ओळ कोरीच आहे. फक्त धार काढता येते ना तुम्हाला? आणि येताना दोन जामीनदार घेऊन या. चष्मा विसरू नका.